एअर पिस्तुलाचा ग्रुप फुटतोय? आधी मिलिमीटर मोजा, मग पाना उचला

क्लबातली पिस्तुलं सांभाळायला लागल्यापासून एक तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की समोरच्यानं तोंड उघडलं की पुढचं मला पाठ असतं. "परवापर्यंत सगळं दहा-नऊ होतं. आज एकदम सात. मधूनच एक सहा." आणि लगेच, "पेलेटचा डबा खराब लागला वाटतं." ज्यानं थोडं वाचन केलंय तो म्हणतो, "रेग्युलेटर गेला असणार." तपासायला बसलं की बहुतेक वेळा दोघंही निर्दोष सुटतात. सापडतो तो अर्धा फेरा ढिला झालेला स्क्रू, नाहीतर खिशात सुट्या ठेवून चेपलेल्या पेलेट, म्हणजे पिस्तुलातून सुटणाऱ्या शिशाच्या बारीक गोळ्या.

इथे मी १० मीटरच्या, ४.५ मिमीच्या, हवेचा सिलिंडर लावायच्या मॅच पिस्तुलाबद्दल लिहितोय. जुनं कार्बन डायऑक्साइडवालं असेल तर तपमानाकडे आधी बघा. त्या वायूचा दाब २० अंशांना साधारण ५७ बार असतो, थंडीत झपाट्यानं उतरतो, आणि भराभर शॉट मारले तरी सिलिंडर गार होऊन उतरतो. हातानं दाब भरायच्या पिस्तुलात दाब भरणं आणि शॉट यांमधला वेळ दर वेळी सारखा ठेवा. बाकीचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

लक्षणं आधी लिहून काढा

पिस्तुलाला हात लावण्याआधी शेवटची तीन-चार टार्गेटं समोर पसरा. बिघाडाची अर्धी गोष्ट कागदावरच असते. ग्रुप म्हणजे टार्गेटवर पडलेल्या भोकांचा झुबका; तो पसरला की ग्रुप फुटला.

ग्रुप घट्ट आहे, पण जागा बदलली: साइट (नेम धरायची खूण) हलली, ग्रिप (मूठ) हलली किंवा उजेड बदलला.

ग्रुप उभा लांबलाय, आडवा नाही: वेग कमी-जास्त होतोय, किंवा मनगट ढिलं पडतंय. दुसरं जास्त वेळा.

सरावाच्या शेवटाकडे शॉट हळूहळू खाली घसरतात: सिलिंडर संपत आलाय, किंवा हात.

थोडं थांबलं की पहिलाच शॉट वेगळा जातो, मग ग्रुप बसतो: इथे रेग्युलेटरवर (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागावर) संशय घ्यायला जागा आहे.

आठ-नऊ शॉट एकत्र आणि एक भलतीकडे: पेलेट, नाहीतर ट्रिगर झटकला गेला.

दोन वेगवेगळे छोटे ग्रुप: काहीतरी दोन जागांवर बसतंय. जवळजवळ नेहमीच स्क्रू.

भोक गोल न पडता लांबट पडतंय: पेलेट हवेत डुलतेय. सपाट डोक्याची पेलेट कागदात स्वच्छ गोल भोक पाडते. ते लांबट दिसलं तर माणसाला दोष देऊ नका, नळीच्या तोंडाशी काहीतरी गडबड आहे.

इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर नेम धरत असाल तर एक सिरीज साध्या कागदावर मारून बघा. टार्गेटच्या आतली कागदाची किंवा रबराची पट्टी पुढे सरकत नसली की आकडे भलतेच दिसतात. मी एकदा पूर्ण दुपार एका पिस्तुलावर घालवली आणि दोष लेनचा निघाला.

किती बिघाडानं किती सरकतं

हे गणित एकदा समजलं की तपासणीचा क्रम आपोआप ठरतो. मॅच पिस्तुलातून पेलेट साधारण सेकंदाला १५० मीटर वेगानं निघते. १० मीटर जायला तिला ०.०६७ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ती जवळपास २२ मिमी खाली येते. साइट लावताना हे आपण भरून काढलेलंच असतं. आता वेग ५ मीटरनं घटून १४५ झाला असं धरा. पेलेट २३.३ मिमी खाली येईल, म्हणजे फरक फक्त दीड मिमीचा. वेग १४० झाला तरी फरक जेमतेम ३ मिमीचा.

टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी, आणि पुढची प्रत्येक कडी ८ मिमी रुंद. पेलेटची कड रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो, म्हणून पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत असला की दहा. म्हणजे वेगात ५ मीटरचा फरक पडला म्हणून नीट धरलेला दहा एकदम सात होत नाही.

आता साइटकडे बघा. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर ३२ सेंमी धरलं, तर त्यांच्या रेषेत ०.१ मिमीचा फरक म्हणजे टार्गेटवर ३ मिमी. ०.१ मिमी म्हणजे जाड केसाएवढं. केसभर हललेली साइट आणि सेकंदाला १० मीटरनं पडलेला वेग, दोघांचं नुकसान सारखंच. आणि साइट तपासायला एक ॲलन की पुरते.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पिस्तूल रिकामं आहे हे उघडून डोळ्यांनी बघा, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण दाखवणारी दोरी) घाला, मगच पुढे. कालच रिकामं केलं होतं, हे चालत नाही.

मागची साइट अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच डावी-उजवी, वर-खाली दाबून बघा. कुठे बारीकशी टिक जाणवली तर चोर सापडला. मग पुढची साइट, नळी आणि तिच्यावरचं आवरण धरणारे स्क्रू, नळीच्या तोंडाचा कॉम्पेन्सेटर (हवा बाजूला सोडून झटका कमी करणारा तुकडा), आणि शेवटी ग्रिप. ग्रिपला लोक विसरतात. लाकडी ग्रिप हवेतल्या दमटपणानं फुगते-आकसते आणि पावसाळ्यापूर्वी घट्ट केलेला बोल्ट नंतर ढिला सापडतो. ग्रिप केसभर फिरली की मनगटाचा कोन बदलतो, साइट जुळवायला डोळ्याला जादा कष्ट पडतात, आणि ग्रुप आडवा पसरतो. स्क्रू घट्ट करताना ताकद दाखवू नका. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की गेले. घट्ट केल्यावर स्क्रूवर आणि शेजारी पेन्सिलची एक बारीक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की कळेल तो स्वतःहून फिरतोय.

मग गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब दाखवणारा काटा. बहुतेक मॅच पिस्तुलांचे सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात आणि आतला रेग्युलेटर तो दाब कमी करून दर शॉटला सारखा देतो. सिलिंडरमधला दाब रेग्युलेटरच्या पातळीखाली गेला की मात्र प्रत्येक शॉट आधीच्यापेक्षा हळू जातो. शॉट हळूहळू खाली घसरत असतील तर आधी भरलेला सिलिंडर लावा. कुठल्या आकड्याला भरायचा, हे पिस्तुलाच्या पुस्तिकेत असतं. गेजच्या काट्यावर मिलिमीटरचा विश्वास नको. तो अंदाजासाठी असतो.

दोन सिलिंडर असतील तर अदलाबदल करून बघा. दोष सिलिंडरबरोबर गेला तर तिथला, पिस्तुलापाशी राहिला तर पिस्तुलाचा. दोन मिनिटांत अर्धी शक्यता बाद होते, तरी हे कुणी करत नाही.

पेलेट: कशावर वेळ घालवायचा, कशावर नाही

सुरुवातीला मी ५०० पेलेट बारीक काट्यावर एकेक करून तोलल्या. तीन संध्याकाळी गेल्या, वजनाप्रमाणे छान ढीग केले, आणि ग्रुपमध्ये काडीचा फरक पडला नाही. का, ते नंतर समजलं. पेलेट असते अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. वजनात २ टक्के फरक असला, म्हणजे एक शतांश ग्रॅम, तर वेगात साधारण १ टक्का फरक पडतो, आणि टार्गेटवर अर्ध्या मिमीपेक्षाही कमी. पिस्तुलासाठी तोलणं हा वेळ घालवायचा चांगला उद्योग आहे, एवढंच.

स्कर्टचं, म्हणजे पेलेटच्या शेपटीचं, तसं नाही. पेलेटची मागची पोकळ बाजू पातळ शिशाची असते. शॉटच्या वेळी हवेच्या दाबानं ती फुगून नळीतल्या खाचांना घट्ट बसते. ती एका बाजूनं चेपलेली असेल तर नळीतून बाहेर पडताना हवा आधी त्या बाजूनं सुटते आणि पेलेटच्या शेपटीला कडेनं धक्का बसतो. आठ शॉट एकत्र आणि एक भलतीकडे, या तक्रारीत मी आधी डबा मागतो. मूठभर पेलेट पांढऱ्या कागदावर ओता आणि एकेक डोळ्याखालून घाला. अंडाकृती स्कर्ट, डोक्यावर ओरखडा, चिकटलेला शिशाचा तुकडा, हे सगळं बाजूला. डबा हलवत नेऊ नका, पेलेट खिशात सुट्या ठेवू नका. भरताना अंगठ्यानं दामटून बसवत असाल तर स्कर्ट तुम्हीच वाकवताय. पेलेट सरळ, दर वेळी तेवढीच आत, हलक्या हातानं.

डोक्याचा व्यास डब्यावर लिहिलेला असतो, ४.४९ किंवा ४.५० असा. कुठला चांगला, याचं उत्तर तुमच्या नळीलाच विचारावं लागतं. नवीन डबा उघडल्यापासून तक्रार सुरू झाली असेल तर लॉट नंबर बघा. त्याच कंपनीची, त्याच नावाची पेलेट लॉट बदलला की वेगळी वागू शकते. जुन्या डब्यातल्या तीस-चाळीस पेलेट नेहमी राखून ठेवा, अशा दिवशी तुलनेला सोन्यासारख्या उपयोगी पडतात.

शिसं हाताळताय, तेव्हा हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. आणि हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर नको.

नळी

नळी साफ करण्याबाबत दोन टोकं भेटतात. कुणी तीन वर्षांत एकदाही नाही, कुणी रोज. रोजची गरज नसते. ग्रुप हळूहळू, आठवड्या-आठवड्यानं पसरत गेला असेल तर मात्र साफ करून बघा. त्यासाठी मिळणारे फेल्टचे गोळे वापरा किंवा कापडाची पट्टी ओढा, शक्य असेल तिथे मागून तोंडाकडे. पितळी ब्रश आणि घरातली जाड सळई लांब ठेवा. नळीच्या तोंडाशी, शेवटच्या मिलिमीटरला पडलेला ओरखडा पेलेटला कायमचा वाकडा निरोप देतो. साफ केल्यावर पहिले दहा-पंधरा शॉट इकडेतिकडे जातील, नळी पुन्हा बसेपर्यंत त्यावरून काही ठरवू नका.

कॉम्पेन्सेटरच्या भोकात टॉर्च मारून बघा. आत शिशाची भुकटी साचते. ती सगळीकडून सारखी असेल तर नुसती पुसा. एकाच बाजूला चकाकती रेघ असेल तर पेलेट तिथे घासून जातेय. लांबट भोकं आणि ही रेघ एकत्र दिसली की दुसरं काही शोधू नका. कॉम्पेन्सेटर ढिला असेल तर नीट बसवा. घट्ट असूनही घासत असेल तर ते आर्मररचं, म्हणजे पिस्तूल दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं काम. कानशीनं भोक मोठं केलेलं पिस्तूल मी पाहिलंय, पुन्हा बघायची इच्छा नाही.

माणूस की पिस्तूल, याचा फैसला

एवढं करूनही ग्रुप फुटत असेल तर टेकूवरून मारा. मनगट वाळूच्या पिशवीवर, पिस्तुलाचा धातू कशालाच टेकलेला नको. पाच-पाच शॉटचे पाच ग्रुप, प्रत्येकाला नवा कागद. ग्रुपच्या बाहेरच्या कडांमधलं सर्वांत लांब अंतर मोजा, त्यातून ४.५ मिमी वजा करा, आणि पाचही ग्रुपची सरासरी काढा. एकच ग्रुप मारून निष्कर्ष काढू नका, सुंदर असला तरी आणि भिकार असला तरी. पिस्तुलाच्या पेटीत कारखान्याचं टेस्ट टार्गेट असतं, त्याच्याशी ताडून बघा. हाताच्या टेकूनं तेवढं घट्ट येणार नाही, पण सगळं दहाच्या वर्तुळात मावलं तर पिस्तूल ठीक आहे. मग तुमच्यापेक्षा चांगल्या नेमबाजाला दहा शॉट मारायला द्या. त्याचाही फुटला तर पिस्तूल, नाही फुटला तर कोचकडे जा. हे ऐकून लोक नाराज होतात. मीही झालो होतो.

क्रोनोग्राफ

हे पेलेटचा वेग मोजणारं यंत्र. मिळत असेल तर आता वापरा, याआधी नको. हातात आला की लोक टार्गेट सोडून आकड्यांच्या मागे लागतात.

नळीचं तोंड आणि यंत्र यांमधलं अंतर दर वेळी सारखं ठेवा, मागे पेलेट अडवणारी पेटी हवीच. प्रकाशावर चालणारं यंत्र ट्यूबलाइटच्या लुकलुकीनं फसतं. मधूनच दुप्पट किंवा निम्मा आकडा आला तर तो यंत्राचा गोंधळ आहे.

किती शॉट मोजायचे? पाच अपुरे. कमाल आणि किमान वेगातला फरक शॉटच्या संख्येबरोबर आपोआप वाढतो. तेच पिस्तूल, तीच पेलेट, तरी दहा शॉटमधला फरक पाच शॉटमधल्या फरकाच्या सरासरी सव्वा पटीहून जास्त येतो. मागच्या महिन्यात पाच मारून ४ आला आणि आज वीस मारून ६ आला, म्हणून पिस्तूल बिघडलं असं होत नाही. नेहमी तेवढेच शॉट मारा. मी वीस मारतो. दहा सलग, मग दहा मिनिटं थांबून आणखी दहा.

ते थांबणं महत्त्वाचं. रेग्युलेटरची आतली बैठक झिजली की थांबलेल्या वेळात दाब हळूहळू वर चढतो. मग अकरावा शॉट बाकीच्यांहून वेगळा येतो. बहुधा जास्त वेगानं, पण काही पिस्तुलांत वाढलेल्या दाबामुळे झडप नीट उघडत नाही आणि शॉट उलट हळू जातो. दिशा कुठलीही असो, दर वेळी थांबल्यावरचा पहिलाच शॉट वेगळा येत असेल तर रेग्युलेटर. आकडे कुठल्याही क्रमानं विखुरलेले असतील तर नळीच्या मागच्या ओ-रिंगकडे (हवा अडवणाऱ्या रबरी कडीकडे) बघा. ती चिरली किंवा चपटी झाली की दर शॉटला वेगळी हवा गळते. ब्रीचपाशी (नळीचं मागचं तोंड, जिथे पेलेट भरतात) टिश्यूची बारीक पट्टी धरून शॉट मारला की ती फडफडते, त्यावरून कळतं. चेहरा बाजूला, डोळ्यांवर चष्मा, आणि नळी पेलेट अडवणाऱ्या पेटीकडेच. ही ओ-रिंग बदलायची रीत पुस्तिकेत दिली असेल तर बदला, मापाचीच. दिली नसेल तर हात लावू नका.

गळती सिलिंडरची की पिस्तुलाची, हे रात्रीत समजतं. सिलिंडर काढून ठेवा, गेजचा फोटो काढा, सकाळी त्याच खोलीत पुन्हा बघा. काढून ठेवलेला सिलिंडर टिकला आणि लावलेला उतरला, तर गळती पिस्तुलात. तपमान सारखं हवं. २० अंशांना २०० बार असलेला सिलिंडर तापलेल्या गाडीत ५० अंशांना २२० च्या घरात जातो. म्हणूनच तो गाडीत ठेवायचा नाही.

इथे थांबा

सिलिंडर किंवा त्याची झडप कधीच उघडायची नाही. पोचा पडलाय, आटे खराब झालेत, मुदत उलटलीय, काढून ठेवलेला असताना फुसफुसतोय, यांपैकी काहीही असलं तर तो वापरातून बाद. तारीख सिलिंडरवर कोरलेली असते आणि बहुतेक उत्पादक १० वर्षांची मुदत देतात. भरताना फक्त कोरडी, गाळलेली हवा. ऑक्सिजनच्या टाकीवरून भरायचं कुणी सुचवलं तर तिथून निघून जा. आणि झडपेला, भरायच्या जोडाला तेल लावू नका, २०० बारच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं.

रेग्युलेटर, हातोडीची स्प्रिंग, आतली झडप हे आर्मररचं. वेग वाढवायला म्हणून स्प्रिंगचा स्क्रू फिरवून ठेवलेली पिस्तुलं माझ्याकडे येतात, तेव्हा मूळ दोष कुठला होता हे शोधायला दुप्पट वेळ लागतो.

ट्रिगर न दाबता शॉट सुटला, किंवा ट्रिगरला टांगलेलं ५०० ग्रॅमचं वजन शॉट न सुटता उचललं जात नसेल, तर ग्रुपचा विचार बाजूला ठेवा आणि पिस्तूल त्या क्षणी बंद करा. ५०० ग्रॅम ही स्पर्धेच्या नियमातली किमान मर्यादा आहे, पण इथे प्रश्न शेजारच्या लेनमधल्या माणसाचा आहे.

पेलेट नळीत अडकली तर मागून दुसरी मारून ती काढायची नाही. सिलिंडर काढा, पिस्तूल सुरक्षित दिशेला ठेवा, जाणकाराला बोलवा.

आर्मररकडे पाठवताना पिस्तुलाबरोबर एक चिठ्ठी आणि फुटलेल्या ग्रुपचे दोन कागद द्या. चिठ्ठीत पेलेटचं नाव आणि लॉट, किती बारवर मारलं, वीस शॉटचे आकडे आले त्याच क्रमानं, आणि तुम्ही कुठल्या स्क्रूला हात लावला ते. शेवटचं लाज वाटली तरी लिहा. सिलिंडर काढून, पिस्तूल रिकामं करून, फ्लॅग घालूनच पेटी बंद करा.